बॅटरी लावलीच नव्हती, तरी चार्जर जळला

"दाजी, बॅटरी लावेलच नव्हती, तरी जळला!"

निफाडहून आलेल्या मेहुण्यानं दारातच पिशवी पुढे केली. आत जुना, वजनदार, पत्र्याच्या पेटीतला चार्जर. निफाडची थंडी दरवर्षी बातम्यांत असते. पहाटे ट्रॅक्टर कुरकुरायला लागला की आदल्या रात्री बॅटरी चार्जरला लावायची, असा त्यांच्याकडचा शिरस्ता. त्या रात्री मात्र प्लग लावलेला, बटण चालू आणि चिमटे खुंटीला टांगलेले. चार्जर कुणालाच काही देत नव्हता. सकाळी शेडभर जळक्या वॉर्निशचा वास.

गावातल्या दुरुस्तीवाल्याचं निदान होतं, "लोड जास्त झाला असेल." सासूबाईंचं निदान होतं, दृष्ट लागली, त्यामुळे बागेतल्या मोटरच्या स्टार्टरलाही लगोलग लिंबू-मिरची टांगली गेली. दोन्ही निदानांची शास्त्रीय किंमत सारखीच, कारण लोड मुळात शून्य होता. लिंबाचं निदान सरबत तरी होतं.

नवा चार्जर घेणं सोपं होतं. पण चार्जरमधला, २३० व्होल्टचे बारा करणारा ट्रान्सफॉर्मर रिकामा बसून जळतो कसा, हा प्रश्न दुकानात सुटला नसता. म्हणून ठरवलं, हा आपणच भरायचा. मोटर भरतात तसा ट्रान्सफॉर्मरही भरतात: जुनी तार काढायची, नवी घालायची.

उकलणं हे भरण्यापेक्षा वैतागाचं काम. ट्रान्सफॉर्मरचा गाभा म्हणजे इंग्रजी ई आणि आय आकाराच्या सिलिकॉन पोलादाच्या पातळ पत्र्यांची चळत. पत्र्या वॉर्निशनं एकमेकींना चिकटलेल्या असतात. पहिली निघेपर्यंत घाम, तिसरीनंतर बाकीच्या सुटतात. वाकवायच्या नाहीत, त्यांच्यावरचा लेप खरवडायचा नाही. बॉबिनवर, म्हणजे तार गुंडाळलेल्या रिळावर, बाहेरच्या बाजूला जाड तारेचं सेकंडरी (चिमट्यांकडे वीज देणारं वाइंडिंग) होतं, ते शाबूत निघालं. उलगडत मोजलं तर ४५ वेढे. लेबलवर १२ व्होल्ट, ३ अँपिअर. आतलं बारीक तारेचं प्रायमरी (प्लगकडून वीज घेणारं वाइंडिंग) मात्र कोळशाच्या गोळ्यासारखं झालेलं.

१२ व्होल्टला ४५ वेढे. लोड पडल्यावर व्होल्टेज थोडं बसतं, म्हणून सेकंडरीत पाचसहा टक्के वेढे जास्त देतात. ते वजा केले तर व्होल्टमागे साडेतीन वेढे उरले. हा आकडा लक्षात ठेवा, गुन्हेगार इथेच लपला आहे.

तार आणायला सातपूर एमआयडीसीतल्या एका वाइंडिंगवाल्याकडे गेलो. इनॅमलची, म्हणजे वीजरोधक लेप दिलेली, तार वजनावर मिळते. त्यानं गाभ्याच्या मधल्या दांड्याचं, ज्याच्याभोवती वेढे असतात त्याचं, माप विचारलं. एक इंच रुंद, चळत दीड इंच.

"म्हणजे दीड चौरस इंच. सात भागिले दीड, पावणेपाचच्या आत येतं. पाच धरा साहेब. व्होल्टला पाच टर्न."

"हे सात कुठून आलं?"

"उस्ताद सांगून गेले."

वाइंडिंगची कामं करणाऱ्यांना हा साताचा मंत्र पाठ असतो. तो बरोबर आहे, पण आकाशातून पडलेला नाही. त्याच्यापर्यंत पोचायला थोडं मागून यावं लागेल.

आधी एक कोडं. व्होल्टमागे पाच, म्हणजे २३० व्होल्टच्या प्रायमरीला ११५० वेढे. एक वेढा सरासरी १५ सेंटिमीटरचा धरला तर तार सुमारे १७० मीटर. ३० गेजची तार बारीक, जेमतेम ०.३१५ मिलिमीटर. एवढ्या लांबीचा रोध येतो ३८ ओहम. आता शाळेतला ओहमचा नियम लावा: २३० भागिले ३८, म्हणजे सहा अँपिअर. जवळजवळ १४०० वॅट, एका इस्त्रीपेक्षा जास्त, आणि तेही तळहातावर मावणाऱ्या वस्तूत. प्लग लावताच धूर निघायला हवा. प्रत्यक्षात चांगला ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना तीस-चाळीस मिलीअँपिअर घेतो. सहा अँपिअरच्या जागी त्याचा दीडशेवा हिस्सा. बाकीचा प्रवाह अडवला कुणी?

उत्तर २९ ऑगस्ट १८३१ चं आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेनं लोखंडाच्या एका कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेगवेगळी गुंडाळणी केली. इनॅमलची तार तेव्हा मिळत नव्हती. वेढ्यांमध्ये दोरा, थरांमध्ये सुती कापड, असं त्यानं हातानं भरलं. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला माणूस, हाताला वळण असणारच. एका बाजूला बॅटरी जोडली की दुसऱ्या बाजूची सुई हलायची आणि लगेच जागेवर यायची. बॅटरी सोडवली की पुन्हा हलायची, उलट दिशेनं. मधल्या काळात, प्रवाह सुरळीत वाहत असताना, सुई ढिम्म. चुंबकत्व असून उपयोग नाही, ते बदलत असलं पाहिजे.

आपण साधारणपणे हे वाचतो आणि म्हणतो, बरं, प्रायमरीतलं बदलतं चुंबकत्व सेकंडरीत व्होल्टेज निर्माण करतं. पण त्या चुंबकत्वाला सेकंडरी कोणती आणि प्रायमरी कोणती हे कुठे माहीत असतं? लोखंडाभोवती जो जो वेढा आहे, त्या प्रत्येकात ते सारखंच व्होल्टेज निर्माण करतं. प्रायमरीच्या स्वतःच्या वेढ्यांतही. आणि तिथे ते मेनच्या, म्हणजे प्लगमधून येणाऱ्या, व्होल्टेजला विरोध करणारं असतं. मेन २३० नं ढकलतो, वेढे जवळजवळ २३० नंच परत ढकलतात. उरलेल्या चिमूटभर फरकावर तो तीस-चाळीस मिलीअँपिअरचा प्रवाह चालतो. अडवणारा रोध नाहीच, अडवणारं आहे ते लोखंडातलं बदलतं चुंबकत्व.

म्हणजे प्रत्येक वेढ्याच्या वाट्याला २३० भागिले ११५०, बरोबर ०.२ व्होल्ट. जुनं वीस पैशांचं षटकोनी नाणं ज्यांना आठवतं त्यांनी तेच डोळ्यांसमोर आणावं. लोखंडाभोवती एक वेढा मारला की वीस पैसे मिळतात, पाच मारले की रुपया. तार जाड की बारीक, वेढा आत की बाहेर, डावीकडून मारला की उजवीकडून, भाव तोच. (दिशा चुकली तर ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो असं सांगणारे भेटतात. एकच सेकंडरी असेल तर काही बिघडत नाही. दोन वाइंडिंग एकमेकांना जोडायची असतील तेव्हाच दिशा बघायची.) १२ व्होल्टला ६० वेढे, लोडखाली व्होल्टेज बसतं म्हणून वर चार वेढे, एकूण ६४.

आता लोड लावला की काय होतं ते पाहू, कारण गावातल्या निदानाची मेख इथे आहे. सेकंडरीतून ३ अँपिअर वाहू लागले. ६४ वेढ्यांतले ३ अँपिअर म्हणजे १९२ अँपिअर-वेढे, आणि लेन्झच्या नियमानं (निर्माण झालेला प्रवाह आपल्या कारणालाच विरोध करतो) ते लोखंडातल्या चुंबकत्वाला विरोध करतात. चुंबकत्व जरासं खाली आलं की प्रायमरीचा उलटा रेटा कमी होतो, मेन जास्त प्रवाह ढकलतो. किती जास्त? १९२ ची भरपाई होईल एवढा: १९२ भागिले ११५०, म्हणजे ०.१७ अँपिअर. भरपाई झाली, चुंबकत्व पुन्हा पहिल्या जागी. लोड शून्य असो की पूर्ण, लोखंडातलं चुंबकत्व जवळपास तेवढंच राहतं. लोड वाढल्यानं तार तापते हे खरं, पण लोखंडाला त्याचा पत्ताही लागत नाही. वर्षानुवर्षं ट्रान्सफॉर्मर वापरणारी माणसंही उलट समजतात.

मग लोखंडात चुंबकत्व किती असावं हे ठरवतं कोण? व्होल्टेज आणि वेळ.

नाशिककरांना गंगापूर धरण परिचयाचं आहे, तेव्हा तेच घेऊ. येणारं पाणी म्हणजे व्होल्टेज, धरणाची पातळी म्हणजे चुंबकत्व. पातळी सर्वांत वर कधी जाते? पाऊस कोसळत असताना नाही, पाऊस थांबता थांबता, सगळं येणारं पाणी येऊन झाल्यावर. तसंच इथे. मेनचं व्होल्टेज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतं. एका बाजूचं अर्धं आवर्तन १० मिलिसेकंदांचं. तेवढ्या वेळात चुंबकत्व एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चढत जातं, आणि व्होल्टेज शून्यावर येतं त्या क्षणी ते कळसावर असतं. पुढच्या १० मिलिसेकंदांत परत उतरतं. एका अर्ध्या आवर्तनात मेन किती 'पाणी' आणतो हे व्होल्ट गुणिले सेकंद असं मोजतात. २३० व्होल्टच्या साइन लहरीसाठी ते येतं २.०७ व्होल्ट-सेकंद. लोड असो नसो, दर दहा मिलिसेकंदांना २.०७ येणार म्हणजे येणार.

आणि धरणाची क्षमता? वेढे गुणिले दांड्याचं क्षेत्रफळ गुणिले दर चौरस मीटरला लोखंड किती चुंबकत्व पेलतं तो आकडा, आणि याची दुप्पट, कारण आपण उणेच्या टोकापासून अधिकच्या टोकापर्यंत जातो. पोलादात अणूंचे सूक्ष्म चुंबकी कप्पे असतात. बाहेरून ढकललं की एकेक कप्पा त्या दिशेला वळतो आणि आपल्याला फुकटात चुंबकत्व देतो. सगळे वळून झाले की देण्यासारखं काही उरत नाही. साध्या सिलिकॉन पोलादात सुमारे १.६ टेस्लाला (दर चौरस मीटरचं चुंबकत्व मोजायचं एकक) ही वेळ येऊ लागते. आमचा दांडा दीड चौरस इंच, पत्र्यांवरचा लेप आणि फटी वजा जाता ९ चौरस सेंटिमीटर.

आता साताचं गूढ. वरच्या सगळ्याचं सूत्र असं: व्होल्ट = ४.४४ × वारंवारता × वेढे × क्षेत्रफळ × टेस्ला. ४.४४ म्हणजे पाय (π, ३.१४) गुणिले दोनाचं वर्गमूळ, साइन लहरीच्या भूमितीतून आलेलं. वारंवारता ५० घाला, सुरक्षित म्हणून १ टेस्ला धरा, क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये आणा: व्होल्टमागे वेढे = ४५ भागिले क्षेत्रफळ. एका चौरस इंचात ६.४५ चौरस सेंटिमीटर. ४५ भागिले ६.४५ किती? ६.९८. उस्ताद सांगून गेले ते सात हे. त्यात फॅरडे आहे, ५० हर्ट्झ आहेत आणि १ टेस्लाची सावधगिरी आहे. हाच नियम ६० हर्ट्झच्या अमेरिकेत नेला तर सातऐवजी सहाच्या आत आकडा येईल, आणि तिकडचा काटेकोर भरलेला ट्रान्सफॉर्मर इकडे आणला तर तो तापेल, कारण आपल्या अर्ध्या आवर्तनाला वेळ जास्त मिळतो, म्हणून पाणीही जास्त येतं.

आता गुन्ह्याच्या रात्रीकडे. जुन्या ट्रान्सफॉर्मरला व्होल्टमागे साडेतीन, म्हणजे प्रायमरीला फक्त ८०५ वेढे. बनवणाऱ्यानं तांबं वाचवलं. क्षमता काढा: ८०५ × ०.०००९ × १.६ × २ = २.३ व्होल्ट-सेकंद. रोजची आवक २.०७. धरण रोज काठोकाठ, पण फुटत नव्हतं. असला चार्जर रिकामा असतानाही गुणगुणतो आणि कोमट राहतो. मेहुण्याला विचारलं तर म्हणाला, "हो, घुंगघुंग करायचा, पण पहिल्यापासूनच."

"त्या रात्री घरात आणखी काही झालं होतं का?"

मग बाहेर आलं. वस्तीवरचे दोन पिवळे बल्ब आधी लख्ख पेटले आणि मग उडाले होते. शेजाऱ्यांचा टीव्ही गेला होता. सकाळी वायरमन येऊन खांबावर काही जोडून गेला. खेड्यात राहिलेल्याला हे ऐकताच कळतं: न्यूट्रल, म्हणजे सगळ्यांची सामाईक परतीची तार, तुटला. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल सुटला की घराघरांतल्या लोडप्रमाणे व्होल्टेज वाटेल तसं विभागलं जातं. कुणाकडे दिवे मिणमिणतात, कुणाकडे तीनशेच्या वर. समजा ३०० होतं. आवक किती? २.७. क्षमता २.३.

धरण भरून वाहिलं म्हणजे काय झालं? चुंबकत्व वाढायचं थांबलं. बदल थांबला की उलटा रेटा थांबला. आणि रेटा थांबला की मेनसमोर उरली नुसती तांब्याची तार. दर अर्ध्या आवर्तनाच्या शेवटी, व्होल्टेज शून्याकडे निघालेलं असताना, प्रवाहाचा एक उभा सुळका उठत राहिला. मिलीअँपिअरची भाषा संपून अँपिअरची सुरू झाली. सेकंदाला शंभर सुळके, रात्रभर. बॅटरी लावलेली असती तरी तेच झालं असतं. फ्यूज का उडाला नाही, हे विचारल्यावर मेहुणा दुसरीकडे बघायला लागला; फ्यूजमध्ये चार तारा पिळून टाकलेल्या होत्या.

शेवटचा घाव मात्र वेगळा असतो, आणि मला त्याचंच जास्त अप्रूप वाटतं. तार तापली, कुठेतरी इनॅमल गेलं, शेजारचे दोन वेढे एकमेकांना टेकले. एक वेढा शॉर्ट. ११५० पैकी एक वेढा, त्यात व्होल्टेज फक्त ०.२. काय बिघडणार? नव्या वाइंडिंगचेच आकडे घेऊन पाहा. एका वेढ्याचा रोध ३८ भागिले ११५०, म्हणजे ०.०३३ ओहम. ०.२ भागिले ०.०३३ किती? सहा अँपिअर! सुरुवातीला ओहमच्या नियमानं जो सहा अँपिअरचा आकडा आला होता आणि जो कुठेच सापडत नव्हता, तो इथे दबा धरून बसला होता. हा योगायोग नाही. व्होल्टेजही ११५० नं भागलं, रोधही ११५० नं भागला, भागाकार तोच राहिला. बाकीच्या वेढ्यांना समोरून मेन ढकलतो म्हणून त्यांची झटापट बरोबरीत सुटते. या एकट्या वेढ्यासमोर कुणीच नाही, त्याचं सगळं व्होल्टेज त्याच्यातच फिरतं. पाव अँपिअरहून कमीसाठी निवडलेल्या तारेत सहा अँपिअर. तो तापतो, शेजाऱ्याचं इनॅमल वितळवतो, मग तोही शॉर्ट. मेहुण्याच्या चार्जरमधला कोळशाचा गोळा असा बनला.

पंचवटीत तांब्याची कडी विकायला असतात, शरीरातली ऊर्जा खेळती ठेवतात म्हणे, सांधेदुखीवर गुणकारी. तसलं जोडबंद कडं ट्रान्सफॉर्मरच्या दांड्याभोवती बसवलं तर त्यात ऊर्जा इतकी खेळेल की हात लावता येणार नाही. मनगटाच्या आत बदलतं चुंबकत्व नसल्यामुळे तिथे तो फक्त दागिना.

भरण्याचं काम एका रविवारचं. बॉबिनमध्ये लाकडी ठोकळा, ठोकळ्यातून बोल्ट, बोल्ट हातानं फिरवायच्या ड्रिलमध्ये, ड्रिल टेबलाला शिकंज्यात. मोजायला जुना कॅल्क्युलेटर. एक अधिक एक करून बरोबरचं बटण दाबत राहिलं की आकडा एकेकानं वाढतो. त्या बटणाच्या दोन टोकांना रीड स्विच (चुंबक जवळ आलं की आपोआप जुळणारा) जोडला, फिरत्या ठोकळ्यावर छोटं चुंबक चिकटवलं, मोजणी आपोआप. आधीचे दोन प्रयत्न मी तोंडानं मोजत केले होते. दोन्ही वेळा कुणीतरी चहा विचारला.

तार डाव्या हाताच्या चिमटीतून कापडात धरून सोडायची. ताण जास्त झाला तर तुटते, कमी झाला तर वेढे फुगतात. एका थरात नव्वदपंच्याण्णव वेढे बसतात. थर संपला की पातळ कागदाचा एक पदर, मग परतीचा थर. थरांमधला कागद कशाला, असं वाटतं खरं. पण पहिल्या थराची सुरुवात आणि दुसऱ्या थराचा शेवट एकमेकांवर येतात, आणि त्यांच्यात दोन थरांचे मिळून पावणेदोनशेहून अधिक वेढे, म्हणजे चाळीसेक व्होल्ट असतात. प्रायमरी संपल्यावर मात्र कंजुषी करायची नाही. मायलरच्या प्लास्टिक कागदाचे तीन-चार पदर, कडेपर्यंत. इथे गफलत झाली तर चार्जरचे चिमटे मेनला जोडलेले असतील, आणि ते कुणाच्या तरी हातात असतील. सेकंडरी १८ गेजचं, ६४ वेढे, तीन थर. जाड तार वळवताना बोटं दुखतात, बाकी काही नाही.

पत्र्या परत भरताना एक ई इकडून, पुढची तिकडून. सांधे एकावर एक आले तर तिथे हवेची फट राहते आणि लोखंडाला चुंबक करायला जास्त प्रवाह लागतो. शेवटच्या तीन पत्र्या लाकडी हातोडीनंही गेल्या नाहीत. दोन घातल्या, एक माझ्या खिशात राहिली.

पहिल्यांदा चालू करताना मेन आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये ६० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावायचा. वेढ्यांत मोठा शॉर्ट असला तर बल्ब पेटून सांगतो. बटण दाबलं. बल्ब काळा. मग बल्ब काढून थेट मेनवर लावला. मीटर लावला: मेन २३८, सेकंडरी १३.२, रिकामा प्रवाह ३८ मिलीअँपिअर. नवी क्षमता काढून ठेवली होती, ३.३ व्होल्ट-सेकंद. तीनशे व्होल्टची रात्र पुन्हा आली तरी २.७.

मेहुणा हे सगळं ऐकत होता, पण पटलेलं दिसत नव्हतं. एका वेढ्याला वीस पैसे म्हणजे काय, ते दाखवता येतं का? बटण बंद केलं. बाहेरचं वेष्टण अजून चढवलं नव्हतं, गाभ्याच्या खिडकीत, म्हणजे वेढे बसतात त्या पोकळीत, बोटभर नाही पण तारेपुरती फट होती. टेलिफोनच्या तारेचा एक तुकडा त्याच्या हातात दिला, फटीतून एकदा आरपार घालायला लावला, टोकं मीटरला जोडली, बटण दाबलं. मीटर सोडला तर तार कुठेच कशाला जोडलेली नव्हती. मीटरवर ०.२०७.

त्यानं मला न विचारता बटण बंद केलं, तार आणखी चार वेळा ओवली आणि पुन्हा चालू केलं.

"दाजी, रुपया झाला की! वर तीन पैसे."

"मेनला २३८ आहेत ना, म्हणून."